समुद्र नाथसागरासारखा नाही

अण्णा, समुद्राबद्दल मी तुम्हाला एकदा खोटं सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, मी एका वाक्यात उत्तर दिलं आणि तुम्ही ते खरं मानलंत. माझं सगळंच तुम्ही खरं मानायचात, शाळेत शिकवत होते ना मी. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं उलटली. मी स्वतः निवृत्त होऊन बसले आहे, आणि जालन्यातल्या मस्तगडच्या या घरात भर दुपारी, खालच्या दुकानांचा गलका ऐकत, ते एक वाक्य दुरुस्त करायला घेतलं आहे. पोरांच्या वह्यांमधल्या चुका जन्मभर लाल शाईनं काढल्या, स्वतःची मात्र तशीच राहून गेली. तर समुद्र कसा असतो ते आज नीट सांगते. काठाशी कसा, आत कसा, मासा कधी आमिषाला तोंड लावतो आणि कधी ढुंकूनही बघत नाही, सगळं. तुम्हाला आता कसली घाई नाही, आणि मलाही नाही.

पण त्याआधी तुमचं पाणी. तुम्ही पाटकरी होतात, वडीगोद्रीच्या अलीकडून जाणाऱ्या कालव्यावर. पैठणच्या धरणातून, म्हणजे आपल्या नाथसागरातून, पाणी सुटलं की ते चालत चालत आपल्या शिवारात पोचायचं, आणि तुम्ही लोखंडी दांडा फिरवून दारं उचलायचात, एकेका चारीला पाणी वाटून द्यायचात. "बापानं मेंढरं वळली, मी पाणी वळून राह्यलो," असं पाहुण्यांना सांगायचात, "काम तेच हाये, पाण्याला लोकर नसती इतकंच." कुणाच्या शेताला आधी, कुणाच्या शेवटी, हे सगळं तुमच्या डोक्यात बराबर बसलेलं. वर कालव्याचं मुख, खाली शेपूट, आणि मधे तुम्ही. पाणी मुखाकडून येतं आणि शेपटाकडं जातं, याच्यापलीकडं पाण्याचा आणखी काही स्वभाव असेल असं आपल्या घरात कुणाला कधी वाटलंच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं याच्यामुळंच माझी फजिती झाली.

आणि तुमची ती हौस. पाण्याची पाळी संपली, दारं पडली, की पुलाखालच्या खोलगटात पाणी साचून राहायचं आणि त्यात मासे अडकायचे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही बांबूची काठी, दोरा, गळ आणि मोराच्या पिसाची पांढरी काडी घेऊन काठावर बसायचात. काडी पाण्यावर उभी तरंगायची, मासा लागला की बुडायची. समोरची बाभळ आणि मैलाचा दगड एका रेषेत आले की तिथं खाली खड्डा आणि खड्ड्यात मरळ, हे तुम्हाला पाठ होतं. पण आईच्या गळ्यात माळ. मासा घरात सोडा, अंगणातसुद्धा चालायचा नाही. मग तुम्ही मासा काढायचात, हात ओला करून त्याला धरायचात, नीट बघायचात आणि परत पाण्यात सोडून द्यायचात. अंतरवालीच्या चौकातल्या टपरीवर लोक तुम्हाला विचारायचे, "काय पाटकरी, आज किती मासे धुवून आल्ते?" तुम्ही हसायचात आणि बशीत चहा ओतायचात. अण्णा, आज कोकणात पुण्या-मुंबईची माणसं भारी भारी काठ्या घेऊन येतात, मासा धरतात, फोटो काढतात, सोडून देतात, आणि त्याला खेळ म्हणतात. तुम्ही तो खेळ आईच्या धाकानं केव्हाच सुरू केला होता.

आता आईही काही फार सरळ नव्हती म्हणा. सुट्टीच्या सकाळी ती पोळ्यांची कणीक मळायला बसली की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून उगाच घसा साफ करायचात. ती मान वर करायची नाही. चार बोटं कणीक बाजूला काढायची, तिच्यात हळद आणि चिमूटभर हिंग घालून पुन्हा तिंबायची, ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यात भरायची आणि डबा उंबऱ्यावर सरकवायची. "उरली व्हती," म्हणायची, "गाईला घाला न्हाई तर कुठं बी टाका." आपल्याकडं गाय नव्हती. हिंगाच्या वासावर रोहू येतो हे त्या माळकरी बाईला कुणी सांगितलं असेल, हा प्रश्न मला मोठी झाल्यावर पडला. तो डबा अजून माझ्याकडं आहे, त्याचं झाकण अजूनही चटकन बसत नाही.

आणि सातच्या बातम्या. कोनाड्यात रेडिओ, खाली तुम्ही ताटावर, चुलीपाशी आई. बातम्यांच्या शेवटी हवामान सांगायचे, आणि दर्या बिघडलेला असला की मच्छीमारांना इशारा द्यायचे, समुद्रात जाऊ नका म्हणून. तेवढ्यापुरता तुमचा घास हातात थांबायचा. मग तुम्ही गंभीर तोंड करून आईला सांगायचात, "ऐकलं का? आज समुद्रात जायाचं न्हाई म्हणून राह्यलेत." आई भाकरी थापता थापता म्हणायची, "बरं झालं. जळण फोडा मंग." किती वेळा झालं असेल हे! समुद्र आपल्यापासून एसटीनं एक अख्खा दिवस आणि वर रात्र. तुम्ही तो चित्रातसुद्धा धड पाहिलेला नव्हता. तरी वारा कुठून सुटला, लाट किती चढणार, हे तुम्ही जेवण होईपर्यंत मनात धरून ठेवायचात. एकदा मी खिदळले. तुम्ही रागावला नाहीत. "हासू नको माय," म्हणालात, "तिकडं बी कुणी तरी पाटकरी असंलच की. इतकं पाणी कोण सोडतं, कोण बंद करतं, बघाय पायजे एकदा."

तुम्ही मला एकदाच मारलंत, तेही पाण्यावरून. मी चौथीत होते. पाळी संपलेली, कालवा कोरडा पडत आलेला, आणि मी आईच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा घेऊन दाराच्या खालच्या अंगाला मरळ पकडायला उतरले होते. तुम्हाला वरून निरोप आला होता की थोडं पाणी आणखी सोडायचं आहे. दार उचलण्याआधी कालव्याच्या कडेनं लांबपर्यंत चालत जायचं आणि "पाणी आलंऽऽ" अशी हाक देत यायचं, हा तुमचा नेम होता. तुम्हाला तसं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. हाक मी ऐकली. पण मरळ लुगड्याच्या झोळीत आलीच होती, अजून एक हात मारला की मिळणार होती. मी बाहेर आले नाही. तुम्ही परतताना मला पाहिलंत, उतारावरून धावत खाली आलात, दंडाला धरून वर ओढलंत आणि थोबाडीत दिलीत. "मी हाक देली की पाणी सुटलं असं समजायचं. हाक माझी हाये, पाणी माझं न्हाई!" मग मला काठावर बसवलंत, दार उचललंत आणि ते पाणी येताना बघायला लावलंत. आधी नुसता वास आला. मग एक तपकिरी जीभ, तिच्यावर पाला, काटक्या, कुणाची तरी चप्पल. ती मी उभी होते त्या जागेवरून गेली आणि क्षणात तिथं माझ्या डोक्याएवढं पाणी झालं. मला घाबरायचंही सुचलं नाही, मी नुसती बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी माझ्या उंचीची बांबूची काठी आणून दिलीत. टोक तासलेलं, मोरपिसाची काडी बांधलेली. "आता आत उतरायचं काम न्हाई," म्हणालात, "काठावर बसून धर." आपल्या गावात पोरीच्या हातात गळाची काठी कुणी दिली नव्हती. आईनं त्या दिवशी दोन डबे भरले.

आता ते खोटं. मला शाळेत लागून चार-पाच वर्षं झाली होती, तुम्ही नुकते सेवानिवृत्त झालेले. शाळेची सहल कोकणात गेली आणि पोरं सांभाळायला मी सोबत होते. पहाटे बस थांबली. पोरं पोहे खायला बसली आणि मी आवाजाच्या दिशेनं एकटी चालत गेले. अण्णा, मी भूगोल शिकवत होते. खारे वारे, मतलई वारे, भरती, ओहोटी, सगळं फळ्यावर काढून दाखवायचे. आणि तिथं उभी राहिले तर मला त्यातला एक शब्द आठवेना. पाणी आपण होऊन माझ्या पायापर्यंत आलं, घोट्याला लागलं आणि माघारी गेलं. जाताना टाचांखालची वाळू काढून नेली. पुन्हा आलं. कुणी सोडलं नव्हतं, कुणी हाक दिली नव्हती. मला रडू फुटलं. पोरांनी विचारलं, बाई काय झालं, तर डोळ्यात वाळू गेली म्हणाले.

घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर माझी वाट बघत बसला होतात. चपला काढू दिल्या नाहीत. "कसा व्हता गं समुद्र?" मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "काही न्हाई अण्णा. आपल्या नाथसागरासारखाच. पलीकडचा काठ दिसत न्हाई इतकंच." तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग हसलात. "म्हंजी इतकी वर्सं मी समुद्राचंच पाणी सोडून राह्यलो म्हण की!" आणि थोड्या वेळानं, जरा हळू, "मंग कामून जायाचं इतक्या लांब. दोघांनी जाऊ म्हणत व्हतो एकदा." मी स्वतःला समजावलं की बरंच झालं. तुमचे गुडघे दुखायचे, प्रवास लांबचा होता, तुम्हाला हळहळ वाटायला नको. मी आत जाऊन चहा टाकला.

आठवड्यानं सातच्या बातम्यांना इशारा आला. आईच्या हातात भाकरी होती. ती थांबली. तुमच्याकडं बघितलं. तुम्ही न थांबता घास घेतलात. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी हवामान सुरू झालं तसे तुम्ही उठलात आणि रेडिओचं बटण फिरवलंत. आई रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "काय बोल्ली गं तू त्यांना?" मी म्हणाले, कुठं काय. पुढं तुम्ही होतात तोवर आपल्या घरात तो इशारा कुणी ऐकला नाही. जे पाणी तुम्ही न बघता इतकी वर्षं सांभाळलं होतं, ते मी एका वाक्यात आटवून टाकलं.

आता बघा नशीब. माझी लेक बँकेत लागली आणि तिची बदली थेट देवगडकडच्या किनाऱ्यावर झाली. तिचा घरमालक तांडेल आहे, स्वतःच्या होडीतून हौशी लोकांना मासे धरायला नेतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या पडवीत उभ्या केलेल्या काठ्या बघितल्या आणि माझा हात आपोआप गेला. त्यानं एक काठी माझ्या हातात दिली आणि गंमत बघायला उभा राहिला. मी उभ्या जागेवरून गळ नेमका समोरच्या खांबाशी टाकला. मग तो गंमत बघेना. गेली काही वर्षं मी दिवाळीनंतर जाते ती उन्हं तापेपर्यंत तिथंच राहते, आणि तिथलं पाणी शिकते, पहिलीतल्या पोरासारखं.

खाडीचं ऐका आधी. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा खाडीत चढतं आणि दोनदा उतरतं, रोज आदल्या दिवशीपेक्षा पाऊण तास उशिरा. तांडेल म्हणाला, "तिथीक पाऊणान गुणा, भरतीचो टायम गावतलो." चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमीला सहाला. मी पंचांग काढून पडताळून बघितलं, जमतं हो! तुमचं ते पाळ्यांचं वेळापत्रक, साहेब लोक ज्याचा दर वेळी घोळ घालायचे, ते इथं चंद्र सांभाळतो आणि अजून चुकलेला नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते आळसावतं, तेव्हा मासाही आळसावतो. भरतीला पाणी काठच्या झाडांच्या मुळांमध्ये शिरतं, लहान मासे आणि कोळंबी त्याच्याबरोबर आत जातात. ओहोटी लागली की सगळ्यांना बाहेर यावंच लागतं, आणि जिथून बाहेर पडतात त्या तोंडाशी जिताडा आणि तांबोशी दबा धरून बसलेले असतात. आपल्या पुलाखालच्या मोरीशी मरळ बसायची तशी. पाणी उतरायला लागल्यापासूनचे दोन तास, पाणी किंचित गढूळ, वारा पडलेला, असं जुळलं तर काठी हातात नुसती धरायची. मी पहिली तांबोशी धरली तेव्हा हात ओला करून तिला घेतलं आणि तुमच्यासारखीच बघत बसले. लालबुंद, आणि डोळ्यात राग. सोडली.

आणि माझी फजिती. ओहोटीला किनाऱ्यापुढं काळ्या खडकांचा एक पट्टा उघडा पडतो. मी चालत त्याच्या टोकापर्यंत गेले आणि समुद्राकडं तोंड करून गळ टाकत बसले. तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी पाण्याच्या कडेला एक खूण केली होती, की भरती लागली की कळेल. तासभर मी त्या खुणेवर नजर ठेवून होते. पाणी तिच्यापाशी जेमतेम आलं होतं. मुख समोर, पाणी समोरून येणार, माझं लक्ष समोर. तेवढ्यात किनाऱ्यावरून तांडेलाची हाक आली, "पाठी बघा बाई, पाठी!" मी वळले. मी ज्या सखल वाटेनं चालत आले होते तिथं पाणी कंबरेएवढं झालेलं. ते माझ्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून, गपचूप, आधी पाठीमागचा खोलगट भाग भरून बसलं होतं, आणि मी मधे बेटावर. तो छोटी होडी घेऊन आला आणि मला वाळूवर आणून उतरवलं. मग म्हणाला, "पाणी समोरसूनच येता असा कोणी सांगल्यान तुमका?" मी म्हणाले, "माझ्या अण्णांनी." लेक तर महिनाभर चिडवत होती, पाटकऱ्याची पोर पाण्यात अडकली म्हणून. पण अण्णा, भिजलेल्या साडीत मी त्या वाळूवर बसले होते आणि मला आनंद आवरत नव्हता. तुम्हाला माहीत नसलेला पाण्याचा एक स्वभाव! असं वाटलं, पळत जाऊन तुम्हाला सांगावं.

आता आतला समुद्र. हे सांगण्यासाठीच सगळा खटाटोप. या वर्षी संक्रांतीनंतर तांडेल मला पार आत घेऊन गेला, उजाडता उजाडता. सकाळी जमिनीवरून समुद्राकडं वारा वाहतो, तोच तो मतलई वारा. त्या वेळी पाणी इतकं सपाट असतं की होडीच्या मागची रेघ लांबवर तशीच राहते. दहा-अकराला वारा फिरतो, खारा वारा सुटतो, लाटा उठतात, म्हणून दुपारच्या आत परतायचं. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, आणि तो बाण त्या दिवशी माझ्या पाठीला गार लागत होता. खाडीचं तोंड ओलांडलं तोवर पाणी मातकट होतं. मग हिरवं झालं. मग तांडेलानं बोट दाखवलं तिथं एक रेघ होती, अलीकडं हिरवं, पलीकडं निळं, मधे फेस आणि वाहून आलेला पाला. मासा त्या रेघेवर फिरतो, म्हणाला. त्याला खाली बुडालेला एक खडक गाठायचा होता. मागं वळून बघत बघत त्यानं सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरचा, मनोरा आणि देवळाचा कळस एका रेषेत आणला आणि यंत्र मंद केलं. मला बाभळ आठवली, मैलाचा दगड आठवला. माणूस कुठलाही असो, पाण्याखालचं शोधायला शेवटी जमिनीकडंच बघतो.

आम्ही गळाला लावलेले खोटे मासे पाण्यात सोडले आणि हळूहळू त्या खडकाभोवती फिरत राहिलो. तास गेला. काही नाही. दोन तास गेले. मी कंटाळले असेन म्हणून तांडेलानं यंत्र बंद केलं, नांगर सोडला, चहा ओतला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "आता गप रवा. पाणी फिरतला." आणि समुद्र थांबला, अण्णा. थांबला म्हणजे खरोखर थांबला. ओहोटी संपलेली, भरती लागलेली नाही. नांगराची दोरी सैल लोंबत होती. फेसाचा एक तुकडा होडीशेजारी होता तो तिथंच. जिथवर नजर जाईल तिथवर पाणी, चारी बाजूंनी, काठ कुठंच नाही, आणि ते सगळं एकदम उभं राहिलेलं. एवढं पाणी बंद करायला दांडा कुणी फिरवला असेल? मी श्वास रोखून बसले होते. तुम्ही बघायला हवं होतं हे, तुम्ही, दुसऱ्या कुणी नाही. साऱ्या जालना जिल्ह्यात हे बघून कळलं असतं असा एकच माणूस होता.

मग तो फेसाचा तुकडा हलला. आला होता त्या बाजूला नाही, उलट्या बाजूला. दोरी वळली. होडीचं तोंड हळूहळू फिरायला लागलं. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, पोटातून हाक गेली, "पाणी आलंऽऽ!" तांडेल दचकून उभा राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. त्याला काय सांगणार? एवढ्यात समोर पक्षी कोसळायला लागले. पाणी उकळावं तसं एका जागी खदखदलं, बारीक मासे पावसासारखे वर उडाले, आणि त्यांच्यातून एक लांबलचक चांदीची पाठ हवेत येऊन गेली. माझ्या काठीचं रीळ किंचाळलं. सुरमई. किती वेळ ओढाताण चालली सांगता येत नाही, मनगट दोन दिवस सुजलं होतं. शेवटी ती होडीशी आली तेव्हा मी वाकून, हात ओला करून, तिला शेपटापाशी धरलं. अंगावरचे निळसर पट्टे डोळ्यादेखत बदलत होते. मी तिचा गळ काढला, तोंड खाली केलं आणि सोडलं. ती सरळ खोल गेली, निळ्यात निळी झाली. "सुरमय सोडलात?" तांडेल ओरडला. "अहो, सुरमय कोण सोडता काय!" मी म्हणाले, "आमच्या घरी चालत नाही." आई जाऊन चौदा वर्षं झाली, पण चालत नाही ते नाही.

तर असा असतो समुद्र. नाथसागरासारखा बिलकुल नाही. त्याला मुख नाही, शेपूट नाही, आणि तुम्ही म्हणायचात तो तिकडचा पाटकरी मला काही भेटला नाही. दोघांनी जायला हवं होतं. गुडघ्यांचं काही अडलं नसतं, मी आता त्याच गुडघ्यांनी जाते.

हे पत्र घडी करून मी कणकेच्या त्या डब्यात ठेवणार आहे, तुमच्या मोरपिसाच्या काडीखाली. टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे आणि ती तुम्ही वाचावी असं मला वाटत नाही. गुडघे, प्रवास, तुमची हळहळ, ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या पायांना अजून ती वाळू सरकल्यासारखं वाटत होतं. लहानपणापासून मला ठाऊक असलेलं प्रत्येक पाणी तुम्ही दाखवलेलं होतं. हे एकच पाणी माझं मी बघितलं होतं, तुमच्या आधी. ते मला कुणाला द्यावंसं वाटलं नाही, तुम्हालाही नाही. मी ते लपवलं, आणि तुम्ही रेडिओ बंद केलात.